स्लाइड क्रमांक ४१२

नाव मल्लप्पा हुळगेरी. वय?
तो गप्प. मुकादम म्हणाला, बावीस लिहा.
पत्ता : चिरेखाण, राजापूरच्या वरचा सडा.

खाणीतलं पाणी वरून निवळ,
तळाशी जांभ्याचं लोखंड गंजत बसलेलं.

गिम्सा चढला. तेलाचा थेंब. भिंग खाली.
जुन्या पेशी निगरगट्ट,
दारं केव्हाच लिंपून घेतलेल्या;
त्यांच्या वाटेला तो जात नाही.
त्याला हवी कालपरवा हाडातून बाहेर पडलेली,
अजून लोखंड मागणारी,
त्यापायी एक खिडकी उघडी ठेवलेली.
उद्या ती खिडकी टाकूनच देणार होती.
त्याने आजच कडी धरली,
डोकं टेकवलं
आणि तिचाच पदर अंगाभोवती ओढून
आत सरला.

आता ती फुगलीय, फिकटलीय,
अंगभर बारीक गुलाबी ठिपके.
तुडतुडा जून पानाला कुठे शिवतो?
कोवळी पालवी बघून बसतो.

मोजते. तीन. सात. अकरा.

बाहेर बाकावर मल्लप्पा
भर उन्हात गोणपाट पांघरून कुडकुडतोय.
"ताप गेला तरी चौदा दिवस गोळ्या.
काही जण काळजात झोपून राहतात,
महिन्यांनी उठतात."
तो लाजून हसला.
त्याच्या कानडीत काळजाचा काय अर्थ लागला कोण जाणे.

मुकादम : परवा कामावर येईल ना?

मी रजिस्टर पुढ्यात ओढलं,
पोराला पुन्हा विचारलं, खुणेनं.
तो बोटं मोडत गेला, अडखळला, परत मोजली.
सोळावर थांबला.