पळून राहिलेय

रालामंडलच्या फाटकावर एक वही असते.
नाव, गाव, आत, बाहेर,
आणि एक रकाना: प्रयोजन.
भेरूलाल चौकीदार सुतळीला बांधलेलं पेन पुढे करतो,
मी लिहिते, भ्रमण.
तो माझ्या बुटांकडे बघतो. रोज तेच विचारतो,
"बई, पाछे तो कोई नी है, थें भागो क्यूं?"

पहिला पाऊण किलोमीटर रस्ता शहाण्यासारखा वागतो.
मग उजवीकडे घाणेरीतून पायवाट फुटते
आणि डोंगर आपला खरा आवाज काढतो.
काळा दगड,
कुठे नारळाएवढा, कुठे सुपारी,
टाच टेकवली की निसटणारा.
सागाचं पान वाळून पापड झालेलं;
त्याच्याखाली खड्डा आहे की मूळ,
ते पान सांगत नाही.
गुडघे सैल, नजर तीन पावलं पुढे, तोंड बंद.
हे मला बिंदू खासगीवालेनं शिकवलं,
जी आता बंगळुरूत पट्ट्यावर धावते
आणि रात्री आकडे पाठवते.

चढावर फोन वाजतो. पुण्याची मावसबहीण.
"काय करतेयस?"
"पळून राहिलेय."
ती हसते. आमच्या इंदुरी मराठीला
तिकडे सगळेच हसतात.
"अगं, पळतेय म्हण.
पळून राहिलेय काय?
एक तर पळ, नाही तर राहा."
माझ्याकडे उत्तराएवढा श्वास नसतो.

माथ्यावर शिकारखाना.
जाड भिंती, रुंद सज्जा,
सज्ज्यावरून खालचा सगळा उतार हातात आल्यासारखा दिसतो.
कोणे एके काळी
ओढ्यातून हाकारे उठले असतील,
थाळ्या, पत्र्याचे डबे, नरड्यांचा कालवा,
आणि झुडपाझुडपातून जे फुटलं असेल
ते कान पाडून, जीव घेऊन
याच दगडांवरून धावलं असेल.
या उतारावर जो धावला
त्याच्यामागे काहीतरी होतंच.
भेरूलालचा प्रश्न
दिसतो तेवढा भाबडा नाही.

मी घोटभर पाणी पिते.
पलीकडे बायपास, क्रेनचे लाल दिवे,
धुक्यात अर्ध्यापर्यंतच बांधलेलं इंदूर.

उतरताना पडले.
मोठं काही नाही, एक दगड हो म्हणाला
आणि मग नाही म्हणाला.
डावा गुडघा, तळहात, थोडी लाज.
बसल्या बसल्या वर पाहिलं
तर वीस हातांवर नीलगाय.
तिने मला पाहिलं.
मग माझ्यामागे पाहिलं,
बराच वेळ,
कान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून,
जिथून मी आले होते त्या वाटेकडे.
तिथे कोणी नव्हतं.
तिने मान खाली घातली
आणि खायला लागली.

इतकी पक्की खातरी
मला आजवर कुणी करून दिली नव्हती.

उठले. लंगडत धावले, मग नुसतीच धावले.
पळतही होते
आणि त्याच डोंगरावर राहतही होते,
आमच्या क्रियापदाला हे आधीपासून माहीत होतं.

फाटकावर भेरूलालने बाटलीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं,
काही बोलला नाही.
वहीत 'बाहेर'च्या खाली
वेळ त्यानेच लिहिली.

दहा वाजता मी बँकेत, खिडकी नंबर चार.
घाईत मोजे तेच राहिले.
त्यांतली कुसळं टोचतात, बसूच देत नाहीत.
चलनं तपासता तपासता
एकेक ओढून काढते
आणि ठेवायला दुसरं काही नाही म्हणून
टाचण्यांच्या डबीत टाकते.

दुपारी रिसबूड टाचणी घ्यायला येतात.
"आई ग," म्हणतात, बोट झटकतात,
"हे काय भरून ठेवलंय?"

"प्रयोजन," मी म्हणते,
आणि पुढचं टोकन पुकारते.