शून्य निकाल

तिसऱ्या दिवशीही मी कोपऱ्यातलंच मशीन धरलं,
ज्याचा स्क्रीन भिंतीशिवाय कुणाला दिसत नाही.
बाहेर जळगावचा एप्रिल,
गिरणेकडून आलेला फुफाटा काचांना घासतोय.
आत कूलर, आणि एक पांढरी चौकट.
चौकटीत उभी रेघ लुकलुकते :
बोल. बोल. बोल.

मी लिहिलं, करपा.
शून्य निकाल.
मी लिहिलं, केळी, इंग्रजीत.
चोवीस हजार सातशे एकोणनव्वद.
इक्वेडोर, फिलिपिन्स, कुलूप लावलेले लेख.
सावद्याचं शिवार पहिल्या दहा पानांत तरी नव्हतं.

ओळख-तासाला सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.
अँड, ऑर, नॉट, असं वहीत लिहून
खाली दोनदा रेघ ओढली,
रेघ ओढली की कळतं जणू.

घरी मी रोगट पान बांधावरून ओळखते.
आधी पिवळा ठिपका, मग शिरांना धरून तपकिरी रेघा,
मग पानच्या पान जुन्या छत्रीसारखं.
इथे त्याचं इंग्रजी नाव मागतात
आणि मी स्पेलिंग चुकते. के की सी?
“तुम्हाला असं म्हणायचं आहे का?”
मला काय म्हणायचंय
हे मलाच माहीत असतं, तर.

पाणी प्यायला उठले नाही.
उठलं की लॉगिन जातं,
पुन्हा पासवर्ड, पुन्हा ती लाल ओळ.
गाईडचा मेसेज : रिव्ह्यू, सोमवार.

सपकाळेभाऊ ट्रॉली ढकलत आले.
“काय व्हयनं व?”
काही नाही, म्हणाले, आणि खिडकी मिटली.
त्यांनी जुन्या कार्डांच्या कपाटाचा खण ओढला
(आता त्यात किल्ल्या असतात, चहाचे कप)
आणि एका पिवळ्या कार्डाच्या पाठीवर लिहिलं
ते इंग्रजी नाव, एकेक अक्षर सुटं.
“मांगला साले बी एक पोर
आठेच बसीसन रडनी व्हती.”

तीनशे बारा.
वर्ष घातलं. त्रेसष्ट.
सोमवारपर्यंत होणार नाहीत,
पण मोजता येतात.

पाणी पिऊन आले तर शेजारच्या मशीनवर
नवापूरचा तो, स्नेहसंमेलनात न अडखळता बोलणारा.
मला पाहून त्याने स्क्रीन वळवला.
तरी दिसलंच.
तीन दिवस आम्ही दोघं
एकमेकांपासून एकच आकडा लपवत होतो.

कार्ड माझ्या मुठीत होतं, घामाने मऊ.
त्याचा रोग कोणता,
मला ठाऊक नव्हतं.