बुचाचं माप

येरो, यंदा तुझी गुरं आली नाहीत.
शेतातल्या कडब्यावर वाळू चढली
तरी मी उत्तरेच्या वाटेकडे बघत होते.
धूळ उठायची, पण ती ट्रकची.

दरसाल तू सात रात्री मुक्काम टाकायचास.
बदल्यात दोन पायली बाजरी, वर एक भांडण:
तुझ्या वासरानं माझा भोपळ्याचा वेल खाल्ला.
सकाळी शेतभर शेणाचे पो, अजून उबदार,
शेणकिड्यांनी वाटण्या करून ठेवलेल्या.

मुलानं मारादीहून दाणेदार खत आणलं,
अर्धं पोतं. म्हणाला, एवढं पुरे.
तांकोच्या शेतात मी ते पुरेपण पाहिलंय.
महिन्यात पान काळंशार, गुडघ्यावर धाट,
मग वीस दिवस आभाळ कोरडं, आणि सगळं उभ्या उभ्या वाळलं.
पाहुण्याला पाटावर बसवावं, ताट वाढावं,
आणि घरात पाणीच नसावं, तसं.

म्हणून मी शेळ्यांचा गोठा खरवडला.
लेंड्या, चुलीची राख, भुईमुगाची टरफलं,
नवरा निजायचा त्या चटईचा चुरासुद्धा.
टासे खणले, एकेक वीतभर खोल.
भुई अशी की कुदळ टणकन परतायची.
प्रत्येकात एक ओंजळ काळं,
त्यावर सोड्याच्या बाटलीचं एक बूच दाणे.
एकच. दुसरं मागितलं तर मुलाच्या हातावर चापट.

नऊशे खड्ड्यांपर्यंत लाराबा मोजत होती,
मग बांधावरच झोपली,
आणि तिच्या मुठीतलं बूच कुठे पडलं कुणास ठाऊक.
पुढे तीन बोटांची चिमूट.
बोटांना माप पाठ होतं,
कालवणात मीठ टाकणाऱ्या हाताला काय शिकवायचं!

लेंड्या मात्र पुरल्या नाहीत.
शेवटच्या चाळीस खड्ड्यांत नुसते दाणे पडले.
तिथे मी दगड ठेवलेत, ओळखायला.
ती धाटंही वाईट नाहीत, खोटं कशाला बोलू.
फक्त दुपारी बाकीचं शेत ताठ असतं
तेव्हा त्यांची पानं सुरळी होऊन बसतात,
आणि संध्याकाळी उलगडायला उशीर करतात.

वाट मोकळी झाली की ये.
विहिरीपलीकडचा तुकडा मी नांगरला नाही,
सात रात्रींपुरता तसाच ठेवलाय.
भोपळ्याचा वेल यंदा लावलेला नाही.