लाभापासून मोजणी

आजचा पाठ यादीचा होता.
पाळक आर्णीला लग्न लावायला गेलेले, म्हणून
नववीतली सुवार्ता मोहोड उभी राहिली
आणि पहिल्याच ओळीत अडखळली.
रऊबेन. हनोख. पल्लू.
पत्र्यावर ऊन तडतडत होतं,
मागच्या बाकावरची पोरं फसफसली.
शांतवनकाका म्हणाले, "सोडून दे वं पोरी,
नावंच तं हायेत. खाली कुठी गोष्ट असंन, ते वाच."

मी मापारी. तीस वर्षं बाजार समितीत
तूर मोजली, चणा मोजला, सरकी.
पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन.
मोजताना कुणी हाक मारली
तरी मान वळवायची नाही, आकडा तुटतो.

म्हणून मला ऐकू आलं:
रानात कुणीतरी मोजतंय
आणि मान वळवत नाही.

शिमोनाची माणसं निम्म्याच्याही खाली आली,
तरी शिमोनाची ओळ आहे.
दानाला एकच मुलगा, शूहाम,
एका तापात विझावं असं घर,
त्याच्यापुढे चौसष्ट हजार चारशे.
कोरह बंड करून भुईत गडप झाला,
त्याच्या नावाशी कुणी बारीक नोंद केलीय:
पोरं मात्र जगली.
पहिल्या गणतीतले दोघंच उरलेले,
बाकी सगळे वाळूत,
आणि तरी ही दुसरी गणती,
पुन्हा रऊबेनापासून.

ज्यानं एका निपुत्रिक म्हाताऱ्याला रात्री बाहेर बोलावून
तारे दाखवले, मोजता येतात का पाहा म्हटलं,
तोच आता खाली धुळीत बसून
स्वतः मोजतोय.
वचनाची पावती अशीच असावी बहुधा,
रूक्ष, लांबलचक, नावानिशी.

आमच्या मंडळीचं रजिस्टर माझ्याकडे असतं,
पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात.
पान तीन, कडा वाळवीनं नेलेली:
सतरा. मुलगा. वय अंदाजे चार.
दुष्काळात अडाणच्या काठी सापडला.
बाप, आणि पुढे एक रेघ.

त्या रेघेपासून आम्ही सुरू होतो.
पोरीच्या दाखल्यासाठी तहसीलात वंशावळ मागितली,
मी खालून वर लिहीत गेलो, पणजोबापाशी थांबलो.
"याच्या वर?" बाबूनं विचारलं.
मी रेघ काढली.
"रेघ चालत नाही," तो म्हणाला.

एव्हाना सुवार्ता सलाफहादापर्यंत पोचली होती.
त्याला मुलगे नव्हते.
ती थांबली. घसा ओला केला.
तिचा बाप मागच्या पौषात गेला,
घरी तिघी बहिणी, आणि शेताच्या बांधावर चुलता.
महला, ती म्हणाली. नोआ. होग्ला. मिल्का. तिरसा.
एकही नाव अडलं नाही,
हजेरीच घेत होती जणू,
आणि मागची पोरं का कोण जाणे गप्प झाली.

"मंग?" शांतवनकाका पुढे वाकले,
"भेटली का त्याहिले जमीन?"
"ते पुढच्या अध्यायात आहे, काका."
"मंग थेबी वाच ना!"

दुपारी घरी येऊन पेटी उघडली.
पाला झटकला, पान तीन काढलं,
रेघेवर बोट ठेवलं.
लाभ, म्हटलं.
मग पणजोबावर.
दोन.