धुलाईघरातून

लोक सामना शनिवारी बघतात.
मी रविवारी पहाटे, स्टेडियमच्या पोटातल्या
बिनखिडकीच्या खोलीत,
एकेक जर्सी उलटी करून.

कोपरावर हिरवं : घसरत झेलला.
खांद्यावर पांढरी फक्की : रेषेबाहेर ढकलला कुणीतरी.
रक्त असेल तर थंड पाणी आणि मीठ.
गरम पाण्यानं रक्त कायमचं बसतं,
हे नव्या पोरींना दर वर्षी सांगावं लागतं.

त्र्याऐंशी नंबर पहिलं वर्षभर कोरा यायचा,
इस्त्रीची घडीसुद्धा न मोडलेला.
ऑरिस गिलरी. लुइझियानाच्या भातखाचरांकडचा.
शिष्यवृत्ती नाही, पदरचे पैसे घालून कॅन्ससला आलेला.
मामाच्या टायरच्या दुकानामागं, म्हणे,
भिंतीवर चेंडू मारून मारून शिकला :
छातीवरचा अंगठे जुळवून घ्यायचा,
कमरेखालचा करंगळ्या जुळवून,
नळाखाली ओंजळ धरतो तशी.

नोव्हेंबरात एकदा जर्सीच्या पोटावर चिखल.
मी हुंगला. चाळीस वर्षं झाली मला इथं,
मैदानाच्या मातीला वाळूचा, खताचा वास असतो.
हा चिखल पार्किंगमधला होता. डिझेलचा.
मी काही बोलले नाही.
बाकीच्यांबरोबर भिजत घातला.

हातमोजे न्यायला यायचा तेव्हा बोलायचा.
"मिस ओडेल, साठ वेळा पळतो मी.
चेंडू माझ्याकडं येणार चार वेळा.
उरलेल्या छप्पन वेळा खोटं पळायचं,
पण खोटं पळतानाच जास्त खरं पळावं लागतं,
नाहीतर समोरचा फसत नाही."

तिसऱ्या वर्षी थोरल्या पोराचं गळ्याचं हाड मोडलं
आणि त्र्याऐंशीला डाग लागायला लागले.
काय डाग! हिरवे, तांबूस, एकदा मोहरीच्या चटणीचा,
उडी थेट प्रेक्षकांत गेली होती.
बाही मी सात वेळा शिवली.
वर्तमानपत्रानं नाव छापलं, गिलमोर म्हणून.
त्यानं ते कापून आईला पाठवलं तरी.

शेवटच्या वर्षाचा तो बर्फातला सामना
मी पाहिला नाही, पाहायची गरज नव्हती.
नऊ सेकंद उरलेले, जवळपास कुणी नाही,
हातातोंडाशी आलेला घास.
जर्सी आली ती स्वच्छ,
फक्त छातीवर दोन तळव्यांचे ठसे,
एकावर एक, एकावर एक.
हात पुसत राहिला होता पोरगा,
बसमध्येसुद्धा, चारशे मैल.

मार्चमध्ये गुडघा.
एप्रिलमध्ये नावं पुकारली जातात, तीन दिवस, सात फेऱ्या.
तिसऱ्या दिवशी तो खाली आला,
ड्रायरवर बसला, ऊब असते म्हणून.
फोन मांडीवर.
फोन एकदाच वाजला.
आई विचारत होती, फोन वाजला का.

आता तो गावाकडं भात वाळवायची यंत्रं सांभाळतो.
म्हणाला, तुमच्या ड्रायरसारखीच, फक्त तीन मजली.
संध्याकाळी शाळेतल्या पोरांना करंगळ्या जुळवायला शिकवतो,
पोरांना कंटाळा येतो, त्यांना उड्या मारायच्या असतात.

नियम असा की जर्सी पुढच्या पोराला द्यायची.
पुढच्याला मी नवी कोरी दिली.
वहीत लिहिलं : त्र्याऐंशी, एक नग, हरवला.
साठ डॉलर पगारातून कापले.
चाळीस वर्षांतली एकच खोटी नोंद.

टपालात टाकण्याआधी धुतली अर्थात.
छातीवरचं काही गेलं, काही राहिलं.
फार घासलं नाही मी.