दोन चौकटी जास्त

पहिल्या दिवशी मारुसिचबाईंनी चेंडू दिला.
चेंडू म्हणजे एक वर्तुळ, राखाडी, बिनवजनाचं.
म्हणाल्या, हा पाडून दाखवा.

मी एक चौकट वर ठेवली, एक खाली,
मधलं सगळं यंत्रानं भरलं.
चेंडू उतरला
बँकेतली लिफ्ट उतरते तसा,
ना घाई, ना भीती.

"यंत्राला पृथ्वी ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.
"ती आपण घालायची. मिठासारखी, अंदाजानं."

मग महिनाभर पृथ्वी घालत बसलो आम्ही अकरा जण
पुन्ता अरेनासच्या त्या पत्र्याच्या कॉलेजात,
जिथं हीटरजवळच्या तीन खुर्च्यांसाठी
सकाळी सातच्या अंधारात रांग लागते.
वर चौकटी दाट, खाली विरळ.
ग्राफवरची रेघ वाकवून वाकवून
मनगटाला कळ.
इग्नासियोचा चेंडू जमिनीतून आरपार गेला.
दानित्साचा पडत्या फळाची आज्ञा मानून
खालीच बसून राहिला, वर येईना.
माझा, सतराव्या खेपेला,
आपटताना जरासा चपटा झाला
आणि उगीचच
माझ्याच पोटात काहीतरी आदळलं.

दुसऱ्या महिन्यात चालणं.
टाच टेकली, अंग खाली, पाय ओलांडला, अंग वर.
बारा चौकटींत एक पाऊल, चोवीसांत दोन,
संपला सेकंद; परत पहिलीपाशी.
माझा माणूस छान चालला.
इतका छान, की तो कुणीच नव्हता.
बाई खुर्चीमागे उभ्या राहिल्या.
"आणि हा निघालाय कुठं?"
मला सांगता येईना.

त्या शनिवारी कोलोन रस्त्यावर
बाबांच्या मागे मागे चालले,
फोन छातीशी धरून, चोरासारखी.
चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या त्यांनी,
एकेक मेंढी गुडघ्यांत आवळून.
घरी येऊन मोजलं:
डावा पाय दोन चौकटी जास्त हवेत राहतो,
उजवा घाईनं टेकतो, उधारी फेडल्यागत.

वारा चढला की इथं रस्त्याकडेला दोर बांधतात.
लोक धरून चालतात.
बाबा धरत नाहीत.
नुसता हात दोरावरून नेतात, बोटभर अंतर राखून,
ओळखीच्या पण चावऱ्या कुत्र्याच्या
पाठीवरून न्यावा तसा.

रविवारी त्या दोन चौकटी घातल्या.
फक्त दोन. बाकी काही बदललं नाही.
रेंडर होईतो भांडी घासली,
परत येऊन पाहते तर
पडद्यावर माणूस होता.

बाबांना दाखवला.
चष्मा शोधण्यात बराच वेळ गेला.
मग बघत राहिले, सहा फेऱ्या, सात.
गुडघा ओळखला का, मी विचारलं नाही.
"हा थांबत का नाही?"
"चक्र आहे बाबा. थांबत नसतो."
"मग दमेल की."
आणि उठता उठता, चुलीतलं लाकूड सारत,
"एखादा दोर तरी दे त्याला."

दोर काढायला नऊ दिवस गेले.
दोराला लोंबायचं वजन वेगळं,
वाऱ्यानं ताणल्यावरचं वेगळं,
आणि दोन खांबांमधला तो हेलकावा
एका चौकटीनं जरी चुकला
तर साप वाटतो.
दानित्सा म्हणाली, वेड लागलंय तुला,
मागितलंय का कुणी हे?
नव्हतं मागितलं.

वर्षाअखेर वही परत आली.
दहा गुण कापलेले,
आणि बाईंच्या तिरक्या अक्षरात शेरा:
खांदे अजून लाकडी. गुडघा उत्तम.
हात दोराला टेकत नाही, दुरुस्त कर.

खांदे केले दुरुस्त.