तीन मिलिमीटर

मार्चमध्ये आठ, जूनमध्ये अकरा.
उजव्या फुप्फुसाच्या खालच्या कप्प्यात,
म्हणजे मी बेलापुरात पूर्वेला तोंड करून उभा राहिलो
तर उलव्याच्या बाजूला.

मालनने वीजबिलाच्या पाठीवर वजाबाकी केली
आणि बिल फ्रिजवर लावून टाकलं,
आकडे आतल्या अंगाला.

बत्तीस वर्षं मी जमिनी मोजल्या.
सत्त्याहत्तर साली खारघरात
एकच खाचर दोनदा मोजलं, दोनदा वेगळं भरलं.
पहिल्या दिवशी साखळी मी चिखलातून ओढलेली,
दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी, उन्हात, ताणून.
हसुराम पाटील बांधावर उकिडवे बसले होते.
"साहेब, शेत तवरंच हाय. मोजनारा बदलला."
मी वहीत लहान आकडा लिहिला.
त्यांना पैसे त्या आकड्याचे मिळाले.

आताही मला लहानच हवाय.

डॉक्टर टिपणीसबाईंच्या खोलीत दिवा नसतो.
दोन पडद्यांवर त्यांनी माझे दोन महिने
शेजारी शेजारी लावले.
"मार्चचे काप पाच मिलिमीटर जाड, हे एकाचे.
शिवाय तेव्हा तुम्ही श्वास अर्धाच धरलेला दिसतोय."
कर्सर कडेला टेकवला, ओढला. नऊ.
पुन्हा ओढला. दहा.
"कड धूसर आहे हो. कुठून धरायची?"

धूसर कड मला ठाऊक आहे.
भरतीचं पाणी खाजणात जिथे थांबतं
ती हद्द मी नकाशावर पेन्सिलीने मारायचो,
तुटक रेघेने.
शाई कधी वापरली नाही.

"वाढलंय असं म्हणवत नाही," बाई म्हणाल्या,
"आणि नाही वाढलं असं लिहिणार नाही.
सप्टेंबरला या. ह्याच मशिनवर. मीच बघीन."
मला त्यांचा राग यायला हवा होता.
उलट वाटलं, ही बाई आमच्या खात्यात असती तर.

घरी मालनने विचारलं, "मग किती?"
म्हटलं, आठ आणि अकराच्या मध्ये कुठेतरी.
"असं कसं?" म्हणाली,
आणि फ्रिजवरचं बिल काढून घेतलं.
भरायची तारीख उद्याची होती.

रात्री उताणा पडून मी श्वास धरायचा सराव करतो.
पूर्ण भरायचा, थांबायचं,
यंत्रातला आवाज सांगेल तेव्हा सोडायचा.
दर वेळी तेवढाच भरतो का,
हे मोजायला
माझ्याकडे काही नाही.